बाबांची कवळी आणि विरघळलेला बोकड

पोळ्याच्या करीला डझनभर म्हाताऱ्यांसाठी आणलेल्या बोकडाच्या मटणाला मी कच्ची पपई, अननस आणि व्हिनेगर ही तिन्ही एकाच वेळी लावली आणि पाच तास तशीच ठेवली.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथेच कपाळाला हात लावला असेल. ज्यांना कळत नाही त्यांना मी समजावून सांगू शकतो, कारण महागावच्या एका शाळेत मी नववीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. कच्च्या पपईच्या चिकात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते मांसाचे धागे तोडतं. अननसात दुसरं असतं, तेही त्याच धंद्यातलं. व्हिनेगर आंबट, ते धागे सैल करतं. यातलं कुठलंही एक बेताने लावलं तर जून बोकडही लुसलुशीत होतो. हे मी फळ्यावर रंगीत खडूने आकृती काढून शिकवलेलं आहे. 'बेताने' हा शब्द बहुतेक फळ्यावर लिहायचा राहून गेला.

आता करीचं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दिग्रसला घराघरातून मटणाचा वास येतो. आदल्या दिवशी बैलांचं कौतुक होतं, करीला माणसांचं. बाबांची कर मात्र घरात होत नाही. ते जन्मभर इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ती जिनिंग केव्हाच बंद पडली, तिच्या आवारात आता बाभळी वाढल्यात. पण तिथली जुनी मंडळी करीला पुसद रस्त्यावरच्या एका शेतात जमतात, तीन दगडांवर मोठा गंज, म्हणजे उभट पातेलं, चढवतात आणि पोटभर जेवून एकमेकांच्या तब्येतीची चेष्टा करत घरी जातात.

या पंगतीची एक रीत आहे. गंज कितीही खदखदो, बाबांनी एक फोड तोंडात टाकून, चावून, 'उतरवा' म्हटल्याशिवाय तो चुलीवरून खाली येत नाही.

ही रीत कशी पडली ते बाबा सांगत नाहीत, त्यांचे दोस्त सांगतात. सुरुवातीच्या करींना म्हणे दोन गंज चढायचे. एक बाकीच्यांचा, एक आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून येणाऱ्यांचा. कोणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण चढायचे. एका वर्षी कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या मशीनवरचे एक काका होते, त्यांना मी लहानपणापासून गठाणवाले काका म्हणतो, त्यांनी दुसरा गंज पालथा घातला आणि त्यावर बसले. म्हणाले, "एकच चढवा. अन् फोड हा फिटर पाहीन. याच्या तोंडाले जे पास, ते समद्याइले पास." त्या दिवसापासून ती जागा बाबांची. बाबांनी ती फार गंभीरपणे सांभाळली. दोनदा तीनदा गंज परत पाठवायचे. "अजून एक जाळ," म्हणायचे, आणि भुकेले लोक मुकाट्याने चुलीत पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, सारायचे.

मग बाबांचे दात गेले. एकेक करून गेले, आणि शेवटचा गेला तो नेमका पोळ्याच्या तोंडावर. त्या करीला बाबांनी फोड बोटांनी दाबून पाहिली आणि 'उतरवा' म्हणाले. मटण निघालं चपलेच्या पट्ट्यासारखं. गठाणवाल्या काकांनी अर्धी चावलेली फोड पत्रावळीच्या कडेला काढून ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुढा आता बोटानं चावते बापा."

सगळे हसले. बाबाही हसले. पण पुढच्या करीला त्यांचा गुडघा दुखला. त्याच्या पुढच्या करीला शेतात चिखल फार होता. त्याही पुढच्या करीला बीपी. पंगतीत फोड कोण पाहतं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तोच. गठाणवाला. त्याले बत्तीसच्या बत्तीस हायेत न. घोड्यावानी." आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

यंदा उन्हाळ्यात ते आपणहून म्हणाले, मले दात करून दे. यवतमाळला चार खेपा घातल्या आणि कवळी आली. मग घरात सराव सुरू झाला. आधी वरणात कुस्करलेली पोळी, मग कोरडी पोळी, मग भाकरीचा पापुद्रा, मग भिजवलेले फुटाणे. बाबा आरशासमोर बसून चावायचे आणि प्रत्येक घासाला 'टक' असा आवाज यायचा. एकदा पिकलेल्या पेरूत वरची कवळी रुतून बसली. पेरू बाहेर आला, त्याला दात होते आणि बाबांना नव्हते. मी हसलो. बाबांनी पेरूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दात धुऊन पुन्हा लावले. पोळ्याच्या आठवड्यात त्यांनी पंगतीच्या मंडळींना फोन केला. "मी येऊन राह्यलो. फोड मी पाहीन."

पलीकडून गठाणवाले काका इतक्या मोठ्याने बोलत होते की मला खोलीच्या बाहेर ऐकू आलं. "ये न! दात दाखवाले ये. बोकड म्याच पसंत केला, लय जून हाय. पाहू तुहे दात काय म्हंतात ते!"

तेवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मला दिसायला लागलं, बाबा फोड तोंडात घालतायत, चावतायत, फोड काही तुटत नाही, आणि त्या पेरूसारखं सगळ्या पंगतीसमोर... तर तसं होऊ द्यायचं नाही. यंदा बाबांसोबत मीही जाणार होतो, आणि पंगतीत वयाने लहान मीच, म्हणून पहाटे खाटकाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहून मटण आणायचं आणि शिजवायचं काम माझ्याकडे होतं. मग ते शेतात नेण्याआधी घरी थोडं मऊ करून नेलं, तर कोणाला कळणार?

मोबाईलवर मी शोधलं. एक बाई म्हणाल्या, कच्ची पपई. एक दाढीवाला म्हणाला, अननस. तिसरा विलायती माणूस व्हिनेगरची बाटली ओतताना दिसला. तिघंही इतके खात्रीचे वाटले की कोणाला दुखवावं ते मला समजेना. परसात पपईचं झाड आहेच. अननस फळवाल्याकडून आणला. व्हिनेगर कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून मागून आणलं, अर्धी बाटली.

करीच्या सकाळी मी मोठ्या टपात मटण काढलं आणि पपई सालीसकट किसायला बसलो. बायको चहा घेऊन आली.

"अहो, हे कायले?"

"बाबांसाठी. मऊ व्हायला."

"मंग पपई लावा थोडी. अननस कायले? अन् ह्या बाटलीत काय हाय?"

"व्हिनेगर. एकाने मऊ होतं तर तिघांनी..."

"मंग मामाजीनं दात कायले केले? पेजच पाजा न त्याईले." सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

तिला विकरांचं काही माहीत नाही, असं मी मनात म्हटलं आणि तिन्ही लावून, दोन्ही हातांनी चांगलं चोळलं. एक मागची मांडी अख्खी होती, काकांनी निखाऱ्यावर भाजायला म्हणून मुद्दाम अख्खी ठेवायला सांगितलेली. ती टपात मावेना. मी ती तशीच, काही न लावता, पिशवीत घातली. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं एवढंच एक बरं काम, आणि तेही टप लहान होता म्हणून.

तास-दीड तासात मटण चुलीवर चढेल असा माझा हिशेब होता. पण आधी बाबा तयार होईनात. कवळी लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. धुतलेला सदरा बदलून दुसरा घातला. मग शेताच्या धुऱ्यावर ऑटो फसला. मग पऱ्हाट्या निघाल्या ओल्या, कारण त्या ठेवल्या होत्या त्या खोपटाच्या छपराला भोक होतं आणि ते भोक बुजवण्याचं काम गेल्या करीपासून प्रत्येकाने दुसऱ्यावर सोपवलं होतं. फुंकून फुंकून म्हाताऱ्यांचे डोळे लाल झाले. तोवर टप कडुलिंबाखाली झाकून ठेवलेला, आणि भादव्याचं ऊन सरकत सरकत त्याच्यावर आलेलं. जाळ लागला तेव्हा दुपार झाली होती.

टपावरचं झाकण काढून मी हात घातला. मटण ओल्या साबणासारखं लागलं. फोड धरली की निसटायची, आणि बोटांना तिचा थोडा भाग लागून राहायचा. मी स्वतःला म्हटलं, छान, मुरलंय.

कांदा, खोबरं, मसाला परतून मी मटण गंजात सोडलं. पहिल्या उकळीपर्यंत ठीक होतं. मग मी सराटा फिरवला, आणि एक नळी वर आली, एकटी. पांढरी, धुतल्यासारखी स्वच्छ. तिच्यामागून दुसरी आली. पुन्हा सराटा फिरवला तर बरगड्या आल्या. मांस कुठे दिसेना. रस्सा मात्र दाट होत चालला. नववीच्या धड्यात मी शिकवतो, की उष्णतेने हे विकर आधी जास्त जोरात काम करतं आणि मग बऱ्याच वेळाने बंद पडतं. गंजासमोर उभं राहून मला तो धडा शब्दन् शब्द आठवला. ढवळलं की बोकड कमी होत होता, म्हणून मी ढवळायचं थांबवलं. तर खाली लागायला लागलं.

बाबा खुर्चीवर बसले होते. घरून आणलेली प्लॅस्टिकची खुर्ची. बाकी सगळे खाली पोत्यांवर. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, तोंड मिटलेलं. ते बोलत नव्हते, बोलताना कवळी हलली तर काय म्हणून.

गठाणवाले काका उठले. पळसाच्या पानावर फोड घालून बाबांना नेऊन द्यायची, हेही रीतीतलंच. त्यांनी डाव गंजात घातला, वर काढला, पाहिलं. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, बोकड कुठी गेला?"

"आहे की... मऊ झालाय जरा."

त्यांनी डावभर ते जे काही होतं ते पानावर घेतलं आणि बाबांसमोर धरलं. सगळ्या पंगतीने माना वळवल्या. मी चुलीमागे, धुरात, जमेल तितका लपलो. माझ्या मनात एकच, बाबांनी 'उतरवा' म्हणून टाकावं. म्हटलं की सुटलो. म्हातारे लोक, जून बोकडाऐवजी मऊ मिळालं तर खुशच होतील. कवळीची परीक्षाही टळेल.

बाबांनी घास तोंडात घातला. जबडा एकदा हलला. 'टक.' मग थांबला. त्यांनी जीभ फिरवली असावी. पुन्हा एक 'टक', वरच्या दातांवर खालचे दात, मध्ये काहीच नाही. त्यांनी गिळलं आणि पानाकडे पाहिलं. त्या पानात त्यांना चार वर्षांपूर्वीचा 'उतरवा' दिसत असणार. मलाही दिसत होता.

"नाही," बाबा म्हणाले.

"कच्चं हाय?" काकांनी विचारलं.

"कच्चं नाही. शिजलंही नाही. हे होऊन गेलं. याले उतरवता येत नाही, याची तेरवी करा."

गठाणवाले काका एवढ्या मोठ्याने हसले की हातातला डाव पडला. सगळी पंगत हसली, एक जण खोकत खोकत पोत्यावर आडवा झाला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी धुरात बोट रोखलं. "त्याले इचारा, काय काय लावलं."

मी बाहेर येऊन सांगितलं. पपई म्हटल्यावर माना हलल्या. अननस म्हटल्यावर एकाने 'अरे बापा' केलं. व्हिनेगर म्हणजे सिरका, हे कळल्यावर काका म्हणाले, "मंग एवढं कायले केलं, सरळ बोकडाले जाळाचं होतं!"

"पोराले वाटलं, माह्ये दात निघतीन," बाबा म्हणाले. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, बाबांना तर नाहीच. मी खाली पाहून राखेत काटकी फिरवत बसलो.

मला मांडी आठवली. पिशवीतून काढून दाखवली तसा सगळ्यांना एकदम उत्साह आला. भाजायचं रद्द झालं. काकांनी सुरा घेऊन फोडी पाडल्या. उरलेली अर्धी पपईही पिशवीत निघाली, आणि ती हिला लावायची की नाही यावर वाद पेटला. काका म्हणाले लाव, चमचाभर, जून हाय. बाबा म्हणाले, नोको, मले चावाचंच हाय. दोघांचे आवाज चढत गेले.

"अबे फिटर, तुह्यासाठी नाही लावत. माह्ये दात पक्के हायेत, पर भूक लागून राह्यली न मले! लवकर शिजीन."

"मंग माही एक गोष्ट आयक. लावाची, अन् तुही बिडी सरली का धुवाची."

"पुरी बिडी?"

"अर्धी. तू लय हळू ओढतं."

तर एक चमचा किसलेली पपई, मीठ आणि हळद, अर्ध्या बिडीच्या मापाने. मी फक्त पाणी आणून दिलं. माझ्या हाती पपई द्यायला कोणी तयार नव्हतं. धुऊन, लहान गंजात, ताज्या मसाल्यात मांडी चढली. वास आला तेव्हा मला कळलं की आधीच्या गंजाला हा वास कधी आलाच नव्हता. त्याला अननसाच्या मुरंब्याचा येत होता.

काकांनी पान धरलं. बाबांनी फोड घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि दाढेखाली धरली. जबडा दाबला. फोडीने नकार दिला. बाबांचा चेहरा आवळला, गळ्याची शीर ताणली, मी हातातला तांब्या घट्ट धरला. आणि फोड तुटली. टक. टक. टक. सावकाश, अगदी सावकाश, बाबा चावत राहिले. तेवढा वेळ समोर बसलेली मंडळीही नकळत जबडे हलवत होती. कवळी जागच्या जागी होती.

बाबांनी गिळलं. "अजून एक जाळ," ते म्हणाले.

गठाणवाले काका खाली वाकले आणि चुलीत पऱ्हाट्या सारायला लागले. सगळ्या भुकेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जसं काही कोणी गाणं म्हटलं होतं. तो जाळ झाला, बाबांनी पुन्हा फोड पाहिली. या खेपेला तीन चावण्यांत निकाल.

"उतरवा."

मांडीच्या फोडी प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन आल्या. मग भूक राहिलीच म्हणून मंडळींनी भाकरी माझ्या गंजाकडे वळवली. पहिल्यांदा चेष्टेने. मग एक जण म्हणाला, भाकरीला बरं लागते बे हे. दुसरा म्हणाला, लिंबू नाही पिळा लागत, आंबट आधीच हाय. हाडं बाजूला काढून त्यांनी गंज पुसून नेला. मला आनंद झाला, आणि मी तोंड उघडलं, की बघा, म्हणजे अगदीच काही... तर काकांनी हात वर केला. "मास्तर, भुकेले लोक दगडही खातेत. तू पुढच्या करीले बाबाले आन, खुर्ची आन. मटण आमी आणू."

परतीच्या ऑटोत बाबा बाहेर पाहत होते. वाटेत दोनदा स्वतःशीच 'टक' केलं. घरी आल्यावर हातपाय धुतले, कवळी काढली, स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवली आणि वाटी खिडकीत, आरशाजवळ. बायको दारातच विचारत होती, कसं झालं. मी तिला सांगू लागलो, की तसं पाहिलं तर चूक पपईची नव्हती, प्रमाण आणि तापमान यांचा...

"बाई," बाबांनी तिला हाक मारली. दात नसल्याने शब्द ओले येत होते, पण एकूण एक कळले. "मी दात काढून ठेवतो अन् सकाळी लावतो. यानं अक्कल काढून ठेवली, ते लावाचीच राह्यली."